फ्लॉरेन्समध्ये दोघे

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत, लग्नाला वीस वर्षे झाल्याचे निमित्त काढून, आम्ही दोघे इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात चार दिवस राहून आलो. 'हनिमूनला जरा उशीरच झाला की हो मॅडम!' असे स्टाफरूममध्ये ऐकून घ्यावे लागले. उशीर झाला हे खरेच आहे. २००५ साली महाबळेश्वरचे बुकिंग झाले होते, पण ते रद्द करावे लागले. का, ते पुढे सांगते.

निघताना मुलीने हातात एक यादी ठेवली. तिला पर्स, मैत्रिणीला स्कार्फ, काकूला सोन्याची नाजूक चेन, मामाला बेल्ट, अशा एकूण अकरा वस्तू. ती यादी मी घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आणि तिथेच चुकले. चारपैकी पहिला दिवस त्या यादीनेच खाल्ला.

यादीचा दिवस

रोमहून वेगाच्या रेल्वेने दीड तासात फ्लॉरेन्स येते. स्टेशन गावाच्या मध्यातच आहे. जुने शहर इतके आटोपशीर की कुठूनही कुठे पायी जावे. दहा मिनिटांवर सान लोरेन्झोचा बाजार. मध्ये लोखंड आणि काचेचे मोठे मंडईघर, १८७४ मध्ये उघडलेले. मिलानची प्रसिद्ध काचछताची बाजारपेठ बांधणाऱ्या मेंगोनी याच वास्तुविशारदाचे. तळमजल्यावर भाजी, चीज, मांस, मासळी, आणि भोवतालच्या गल्ल्यांत चामड्याच्या वस्तूंचे गाळे. गणपत गल्लीत सणाच्या आधी जशी गर्दी असते, तशीच.

एका गाळ्यावर मी घाईघाईने पर्स घेतली. घासाघीस करून भाव खाली आणला म्हणून खूशही झाले. आमच्या ह्यांचे लहानपण अथणीत गेले. त्यांचे वडील तिथे शाळामास्तर, आणि घरामागेच चपला करणाऱ्यांची गल्ली. शाळा सुटली की हे त्या गल्लीत. त्यांनी पर्सची कड नखाने तपासली, वास घेतला आणि एवढेच म्हणाले, "हे चामडे नव्हे." मी म्हटले, "मग घेताना का नाही बोललात?" ते म्हणाले, "तू विचारलेस कुठे?" झाले! वीस वर्षांनी जुळून आलेली सहल, समोर पंधराव्या शतकातला तो भव्य लाल घुमट, आणि आम्ही दोघे एका बाकावर दोन टोकांना. रात्री हॉटेलवर ह्यांनी ती यादी पाकिटातून काढली, शांतपणे बॅगेच्या तळाशी ठेवली आणि म्हणाले, "साकु." पुरे.

पुलावरचे सोने

दुसऱ्या दिवशी काहीही विकत न घेता नुसते पाहायचे ठरले. सकाळी लवकर आर्नो नदीवरच्या पोन्ते वेक्कियोवर गेलो. या नावाचा अर्थच 'जुना पूल'. आजचा पूल १३४५ चा. त्यावर दोन्ही बाजूंनी दुकाने आहेत. पूर्वी ती खाटकांची होती. राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या फर्दिनांदो पहिला याने १५९३ मध्ये खाटकांना हलवले आणि तिथे सोनारांना बसवले. तेव्हापासून आजतागायत पुलावर सोनारच आहेत. दुकानांच्या वरून एक बंद गच्चीवजा वाट जाते. राजवाडा आणि कचेरी जोडणारी ही वाट १५६५ मध्ये राजपुत्राच्या लग्नासाठी अवघ्या पाच महिन्यांत बांधली. आपल्याकडे लग्नासाठी घराला रंग देतात, यांनी शहराच्या डोक्यावरून रस्ताच काढला!

सोने घ्यायचे असेल तर एक लक्षात ठेवा. तिथले दागिने बहुधा अठरा कॅरेटचे, त्यावर '७५०' असा शिक्का असतो. आपल्या बावीस कॅरेटच्या सोन्यावर '९१६' असतो. शिवाय करणाऱ्याची खूण असते: एक तारा, एक आकडा आणि जिल्ह्याची अक्षरे. त्यामुळे वजनाला सोने म्हणून घ्याल तर आपला बेळगावचा सराफच परवडेल. तिथे पैसे मोजायचे ते घडणावळीचे. सोन्यावर लेसची जाळी कोरावी तसे नाजूक काम फ्लॉरेन्सचे कारागीर करतात. ते पाहायला मात्र पैसे पडत नाहीत.

प्रेमिकांनी पुलाला कुलूप लावून किल्ली नदीत टाकण्याची एक टूम मध्यंतरी निघाली होती. आता तिथे कुलूप लावायला बंदी आहे, दंड होतो. त्यापेक्षा शेजारच्या सांता त्रिनिता पुलावर संध्याकाळी उभे राहा. जुना पूल सर्वांत सुंदर दिसतो तो तिथूनच. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल उडवले, फक्त जुना पूल ठेवला. सांता त्रिनिताही कोसळला होता. फ्लॉरेन्सकरांनी नदीतले दगड वर काढून तो पुन्हा पहिल्यासारखा उभारला, १९५८ मध्ये. वसंत ऋतूच्या पुतळ्याचे डोके तेवढे सापडत नव्हते. तेही १९६१ मध्ये नदीच्या गाळात सापडले. कालचे भांडण तिथे कधी मिटले, ते मला आठवत नाही.

पळून आलेल्या जोडप्याचे घर

नदीच्या पलीकडे पित्ती राजवाड्यासमोर कासा ग्विदी नावाचे घर आहे. इंग्रजी कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट इथे राहत. एम. ए. ला शिकलेली ही नावे. लग्नाच्या वेळी एलिझाबेथ चाळिशीची आणि आजारी. वडिलांचा तिच्या लग्नाला सक्त विरोध. १८४६ च्या सप्टेंबरात दोघांनी लंडनमध्ये गुपचूप लग्न केले आणि इटली गाठली. याच घरात १८४९ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि १८६१ मध्ये इथेच तिने नवऱ्याच्या मिठीत प्राण सोडला. वडिलांनी तिला अखेरपर्यंत क्षमा केली नाही. तिची पत्रेही त्यांनी उघडली नाहीत.

ते घर ठरावीक दिवशीच उघडते. आम्ही बाहेरूनच पाहिले. मी ह्यांना ही हकीगत सांगितली, आणि पत्रांपाशी येऊन थांबले.

महाबळेश्वरचे कारण हेच. ह्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. सीमाभागात याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. आंदोलनात लाठ्या खाल्लेले माझे बाबा लग्नाला आले नाहीत. लग्नानंतर दोन वर्षे त्यांनी आमच्या घरचे पाणी घेतले नाही. आईने रडून अंथरूण धरले, म्हणून महाबळेश्वर सोडून मी तिच्या उशाशी बसले. मुलगी झाली त्या दिवशी मात्र बाबा दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभे होते. आज नात आजोबांशी मराठीत बोलते, अज्जीशी कन्नडमध्ये, आणि दोघांनाही एकमेकांचे निरोप पोचवते.

हे बराच वेळ त्या घराकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "निन्न बाबा बंद्रल्ल." तुझे बाबा आले की. तेवढेच. पण चार दिवसांत मला मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू हीच.

चामड्याची शाळा

तिसरा दिवस सांता क्रोचेचा. या चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत. मागच्या मठात चामड्याची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सिस्कन साधूंनी फ्लॉरेन्सच्या दोन चर्मकार घराण्यांच्या मदतीने ती काढली, अनाथ झालेल्या मुलांच्या हाती एखादा धंदा असावा म्हणून. कारागीर तिथे समोर बसून काम करताना दिसतात.

ह्यांचा चेहरा तिथे उजळला. कडा घासणे, टोच्याने भोके पाडणे, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवणे, सारे ओळखीचे. तोस्काना प्रांतात आजही झाडांच्या सालींनी कातडे कमावण्याची पद्धत टिकून आहे. त्यासाठी चेस्टनटचे लाकूड वापरतात आणि मिमोसा नावाची साल. ही मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्याच कुळातली. अथणीलाही चपलेचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, आणि चपलेत लोखंडी खिळा नसतो. हे पुनःपुन्हा त्या कातड्यावरून बोट फिरवत होते. "नम्मदे," म्हणाले. आपलेच.

तुम्हाला आठवत असेल, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि मूळ कुणाचे याचा उल्लेखच केला नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनातही दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत, आणि बेळगाव त्यांतला एक. सीमेचा वाद सुटेल तेव्हा सुटो. पायतल्या चपलेने तो केव्हाच सोडवला आहे.

कोल्हापूरचे राजे

शेवटचा दिवस मंगळवार होता. मंगळवारी सकाळी नदीकाठच्या काशीने उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. कपडे, भांडी, चपला, भाजी, सारे काही. पर्यटक कमी, गावचे लोक जास्त. तिथे मी स्वयंपाकघरासाठी दोन सुती टॉवेल घेतले. मग झाडांच्या सावलीतून उद्यानाच्या पार पश्चिम टोकापर्यंत चालत गेलो. लांबचे आहे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

तिथे, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो त्या जागी, एक छत्री आहे. चार खांबांवर घुमट आणि आत फेट्यातल्या एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. शिवरायांचे पुत्र नव्हेत, तर १८६६ मध्ये गादीवर आलेले. १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. इटलीत तेव्हा प्रेत जाळण्याची रीत नव्हती. शहराने खास परवानगी दिली आणि या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये स्मारक झाले. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात. १९७८ मध्ये जवळ बांधलेल्या मोठ्या पुलाचे नावही तेच. रोज हजारो गाड्या आपल्या कोल्हापूरच्या राजाच्या नावावरून जातात.

आमची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. त्या चेहऱ्याकडे मला फार वेळ पाहवले नाही. बाजारातून घेतलेल्या पिशवीत दोन सफरचंदे होती, त्यातले एक ह्यांनी पायरीवर ठेवले. मग आम्ही हात धरून परत आलो. बेळगावात रस्त्याने आम्ही कधी हात धरून चाललेलो नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असते, तिकीट आधी काढून ठेवावे. चामड्याची वस्तू घेताना कड आणि आतली बाजू पाहा. कड एकसारखी प्लास्टिकसारखी चकाकत असेल तर सोडून द्या. नामांकित कंपन्यांची नक्कल रस्त्यावर मिळते, पण इटलीत ती विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. एका दुकानात एका वेळी ७० युरोहून अधिक खरेदी केली तर युरोपाबाहेरच्या पाहुण्यांना कराचा काही भाग परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद करून घ्यावा आणि निघताना विमानतळावर तो मंजूर करून घ्यावा. कॉफी उभ्याने प्यावी, बसून प्यायलात तर बहुधा जास्त पैसे पडतात. आणि यादी घरी ठेवून जावे.

अकरांपैकी आम्ही किती वस्तू आणल्या, ते मुलीला विचारू नका. आणली ती एक वस्तू चामड्याच्या शाळेतून, बाबांसाठी चष्म्याचे घर. त्यांच्या नावाची दोन अक्षरे त्यावर सोन्याच्या वर्खाने उमटवून घेतली. परत आल्यावर ह्यांनीच ते त्यांच्या हातात दिले.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, वास घेतला आणि जावयाला म्हणाले, "कातडे चांगले आहे हो. अथणीचे का?"

"हौदु," हे म्हणाले. होय.

मी काही बोलले नाही.