छर्‍याची बंदूक घेण्याआधी हे वाचा



ज्वारी हुरड्यात आली की "स्वस्तात कोणती एअरगन घ्यावी?" असे मेसेज सुरू होतात. 4.5 मिमी बोअरची, 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना घेता येते. पण परवाना नको म्हणजे काहीही मारायला मोकळे, असं नाही. मोर, पोपट, हरीण, रानडुक्कर मारल्यास वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा होतो. शिवाय या छर्‍याने डुक्कर मरत नाही, चवताळून अंगावर येतं. डुकरांनी नासधूस केली तर पंचनामा करून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. पाखरांसाठी चकाकणारी फीत बांधा.

उरले गोदामातले उंदीर-घुशी. खरं तर तिथं पिंजरेच स्वस्त पडतात. तरी घ्यायचीच, तर नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगची घ्या. पीसीपीला हवा भरायचा पंप वेगळा लागतो, खर्च वाढतो. पक्कं बिल घ्या, त्यावर बोअर आणि ज्यूल लिहून घ्या. छर्रा न घालता चाप ओढू नका, स्प्रिंग खराब होते. पत्र्यावर किंवा दगडावर मारू नका, छर्रा उलटून डोळ्यात जातो. काम झालं की बंदूक कुलपात, पोरांच्या हाती नको.