घरच्यांनीच कोंडलेला उंट

बुद्धिबळात उंट तिरका चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो डाव संपेपर्यंत एकाच रंगाच्या घरांतून फिरतो, याकडे किती जणांचे लक्ष जाते? ६४ पैकी ३२ घरेच त्याची. त्या घरांवर आपलीच प्यादी उभी राहिली तर?

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. पट बाटुमीत मांडलेला असो की किन्हीराजातील एखाद्या ओसरीवर, हा प्रश्न सर्वांना सारखाच.

पट मांडा. पांढऱ्याचे प्यादे ई४ वर, काळ्याचे ई६ वर. पांढऱ्याचे डी४, काळ्याचे डी५. मग पांढरा ई५ खेळतो. लंडन व पॅरिस यांच्यात १८३४ साली पत्रांद्वारे सामना सुरू झाला. त्यात पॅरिसने ई६ हे उत्तर दिले, म्हणून हा ‘फ्रेंच बचाव’.

आता काळ्याचा सी८ वरील उंट पाहा. पट रिकामा असता तर तेथून त्याला ७ घरे मिळाली असती. येथे मिळते एकच, डी७! बी७ व ई६ वरील स्वतःच्याच प्याद्यांनी त्याची वाट अडवली आहे. असा उंट घेऊन लढणे म्हणजे जवळजवळ एक मोहरा कमी घेऊन लढणे.

यावर उपाय तीन. पहिला, अदलाबदल. काळा सी५ खेळतो, वजीर बी६ वर आणतो, उंट डी७ वरून बी५ ला नेतो आणि पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी त्याची मारामारी घडवतो. आपला निकामी मोहरा देऊन प्रतिपक्षाचा कामाचा मोहरा घेणे, हा फायद्याचा सौदा. दुसरा उपाय, भिंत फोडणे. काळा एफ६ खेळून ई५ वरील प्याद्यावर हल्ला करतो. ते हटले की पुढे ई६ चे प्यादे ई५ वर सरकवून उंटाची वाट मोकळी करता येते.

तिसरा उपाय आधीच करायचा असतो. ‘कॅरो-कान’ बचावात काळा प्रथम सी६, मग डी५ खेळतो. पांढऱ्याने ई५ खेळताच उंट एफ५ वर बाहेर पडतो, आणि त्यानंतरच ई६ चे दार लागते.

प्यादे एकदा पुढे गेले की मागे येत नाही. म्हणून मित्रांनो, पुढच्या डावात प्यादे हलवण्यापूर्वी उंटाची मोकळी घरे मोजून पाहा.