शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि घरांतील औषध

पेठ वडगांवचा आठवड्याचा बाजार करून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवींतून मीठ-मिरची, मुलांचा खाऊ आणि पिकावर मारावयाचें औषध हीं एकदमच घरीं येतात. खाऊ संध्याकाळींच संपतो. औषधाची अर्धी बाटली मात्र पुढच्या फवारणीसाठीं गोठ्यांतील देवळींत पडून राहते. आज आम्ही वाचकांचें लक्ष या अर्ध्या बाटलीकडे वेधूं इच्छितों.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या म्हटल्या कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें वऱ्हाड व मराठवाडा उभे राहतात. यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबानें १९ मार्च १९८६ रोजीं आपली जीवनयात्रा संपविली; त्या दुःखाची आठवण म्हणून त्या तारखेस पुष्कळ लोक अन्नत्याग करितात. आमचा मुलूख उंसाचा व पाण्याचा, येथें तें संकट तितकें तीव्र नाहीं, हें खरें. परंतु २०१९ व २०२१ सालीं वारणा-पंचगंगेच्या पुरांत उभा ऊंस कुजला, तेव्हां कर्जाचा हप्ता कांहीं पुरांत वाहून गेला नाहीं.

सरकारी गुन्हेनोंदीप्रमाणें २०१८ सालीं देशांत १,३४,५१६ माणसांनीं आत्महत्या केली. २०२२ सालीं हाच आंकडा १,७०,९२४ झाला. त्यांत शेतीवर पोट असलेले ११,२९०, व त्यांपैकीं एकट्या महाराष्ट्राचे ४,२४८ होते. त्या वर्षीं देशांत शेतकऱ्यांपेक्षां शेतमजुरांचीच संख्या अधिक होती, ही गोष्ट कित्येकांस ठाऊक नसते. कर्ज, पडलेला भाव, दारू, दुखणें, घरांतील तंटा यांतील अनेक गोष्टी एकत्र येऊन माणूस खचतो. आपण मात्र कोणत्या तरी एका कारणावर बोट ठेवून मोकळे होतों.

मरणाची ऊर्मि बहुधा थोड्या वेळाची असते. ती घटका टळली, अथवा वेळेवर उपचार झाले, तर बहुतेक माणसें पुन्हां आपल्या संसारास लागतात. म्हणून त्या घटकेस हातीं काय लागतें, याला फार महत्त्व आहे. श्रीलंकेनें १९९५ पासून अतिजहाल शेतकी औषधें क्रमाक्रमानें बंद केलीं. वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण शेंकडा सत्तरांनीं उतरलें, आणि पिकांचें उत्पन्न त्यामुळें घटलें नाहीं. त्याच देशांत १८० गांवें निवडून, त्यांतील निम्म्या गांवांत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. २०१७ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. पेट्यांनीं फरक पडला नव्हता. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. पेटी घरांत, तर किल्लीहि घरांतच!

तेव्हां औषध घरांत नसावें हेंच बरें. लागेल तेवढेंच, फवारणीच्या दिवशींच आणावें. कमी जहाल औषधानें भागत असेल तर तेंच मागावें. आपल्या संस्थेनें आपल्या गुदामांत सभासदांचें उरलेलें औषध नांवानिशीं ठेवण्याची सोय करावी, अशी आमची सूचना आहे. यानें कर्ज फिटणार नाहीं असें कोणी म्हणेल. तें आम्हीहि म्हणतों. कर्जासाठीं भांडावयाचेंच आहे, पण भांडावयास माणूस उरला पाहिजे.

दुसरें असें कीं, विचारावें. एखादा मनुष्य चावडीवर येईनासा झाला, जेवण तुटलें, निरवानिरवीचें बोलूं लागला, तर “दादा, जिवाचें बरेंवाईट करण्याचें मनांत येतें काय?” असें एकांतांत सरळ विचारावें. विचारल्यानें तसा विचार मनांत शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट ओझें उतरतें. उपदेश मागाहून करावा, आधीं ऐकून घ्यावें, आणि त्यास एकटें सोडूं नये.

पोलिसांच्या भीतीनें कित्येक घरीं दवाखाना लांबणीवर टाकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावयाचें असून, त्याची काळजी व उपचार पाहणें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. वडगांवाहून कोल्हापूर दूर नाहीं. तेथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय सरकारी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोय चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें, रात्रीं-अपरात्रींहि चालतें. ज्याचें मन खचलें आहे त्यानेंच तो फिरवावा असें नाहीं. त्याच्या घरच्यांसहि तेथें सल्ला मिळतो.