खाच आणि आकडा

नोव्हेंबर १९०२मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यासमोर गायचं, आवाजाने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरायची. हवेतली लहर जशी, तशीच मेणातली. अ‍ॅनालॉग म्हणतात ते हेच. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून मैफलीत तासभर रंगणारा ख्याल रेकॉर्डवर घाईने आटोपावा लागे.

१९८२ साली आलेल्या सीडीवर लहरीचा आकार नाही, तिची मापं आहेत, म्हणजे आकडे. डिजिटल म्हणतात ते हेच. सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायचं. इथे जुने रसिक हटकतात: दोन मापांच्या मधला आवाज गेला कुठे? एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणाऱ्या मींडेसारखी अखंड गोष्ट तुकड्यांत कशी टिकेल? आक्षेप बिनतोड वाटतो, पण खरा नाही. अभियंता नायक्विस्टने १९२८मध्ये पाया घातलेलं आणि गणितज्ञ शॅननने १९४९मध्ये नीट मांडलेलं गणित सांगतं, की सेकंदाला २२,०५०पेक्षा, म्हणजे मापांच्या निम्म्याहून, कमी कंपनांचीच लहर असेल, तर या मापांतून जाणारी लहर एकच असू शकते. मधली वळणं अंदाजाने भरलेली नसतात. माणसाचा कान साधारण २०,०००च्या पुढे जातच नाही. उरते ती माप पायरीवर बसवतानाची किंचित चूक, आणि रेकॉर्डच्या खरखरीपुढे ती कुठल्या कुठे. मींड खरी तुटते ती पेटीवर, जिच्यात एकही आकडा नाही! आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीला दार बंद केलं, त्यामागे हीही एक तक्रार होती.

रेकॉर्डचा आवाज 'उबदार' असतो म्हणतात. असेलही; पण त्यातली बरीचशी ऊब ही सुईची आणि खाचेची भर आहे, गायकाची नव्हे.

खरा फरक नकलेत आणि मरणात आहे. खाच प्रत्येक वाजवण्यागणिक झिजते. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असं करत गेलं की गाण्यापेक्षा सूं-सूं वाढते. आकड्यांची शंभरावी नक्कल पहिलीइतकीच चोख. मात्र चरा गेलेली रेकॉर्ड टिकटिक करत का होईना, गात राहते. सीडी चुका दुरुस्त करत बराच काळ काही कळू देत नाही, आणि मर्यादा ओलांडली की अडखळते नाहीतर गप्पच होते. हार्ड डिस्क तर एका सकाळी उघडतच नाही. शिवाय खाचेला सुई आणि कागदाचा भोंगा पुरतो. फाइलीला ती वाचणारा संगणक, प्रोग्रॅम, सगळा लवाजमा लागतो.

डिजिटलला बोल लावायचाच, तर एमपीथ्रीला लावा. कानाला जाणवणार नाही असं गृहीत धरून ती आवाजाचा भाग टाकूनच देते, आणि टाकलेलं परत येत नाही.

तेव्हा घरात कुणाच्या बैठकीच्या कॅसेटी किंवा जुन्या रेकॉर्डी असतील, तर त्या काहीही टाकून न देणाऱ्या डब्ल्यूएव्ही फाइलीत उतरवून घ्या. ध्वनिसंग्रहालयं २४ बिट (म्हणजे सीडीपेक्षा कितीतरी बारीक पायऱ्या) आणि सेकंदाला ९६,००० मापं पसंत करतात. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. गायक, राग, साल, साथीला कोण, हे आठवणारं माणूस घरात आहे तोवरच लिहून काढा. आणि उतरवून झालं म्हणून मूळ कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका.