ऐनावरचे कारागीर

देवपूजेच्या वेळीं मुकटा नेसण्याची चाल ज्या घरांतून अजून टिकून आहे, तेथील मंडळींस हें कापड येतें कोठून असें विचारलें, तर बहुधा पेठेंतल्या दुकानाचें नांव ऐकावयास मिळेल; फार झाल्यास कोणी येवल्याकडे बोट दाखवील. परंतु टसरी रेशीम, ज्याला नागपुराकडे कोसा म्हणतात, तें येवल्यास पिकत नाहीं. महाराष्ट्रांत तें ज्या मोजक्या ठिकाणीं पिकतें, त्यांत वैनगंगेच्या खोऱ्यांतील आरमोरी हें एक. हा मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्यांत मोडत असे. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां तो त्यांत गेला. येथील ढिवर लोक पिढ्यान् पिढ्या दोन धंदे करीत आले आहेत: पाण्यांत जाळें टाकावयाचें आणि झाडावर किडा पाळावयाचा.

तुतीचा किडा घरांत, टोपलींत वाढतो. त्याचें झाड त्याला दिसतही नाहीं. टसरीचा किडा मात्र ऐनाच्या अथवा अर्जुनाच्या झाडावर, उन्हापावसांत, पांखरांच्या डोळ्यांदेखत वाढतो. म्हणून त्याची जोपासना करणाराला आधीं झाडाचा वैद्य व्हावें लागतें, आणि आमच्या मतें या धंद्यांतील खरें कसब तेंच.

ऐन मोकळा सोडला तर तो ताडमाड वाढतो, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळ साल अंगावर चढवितो आणि कोंवळा पाला शेंड्यावर नेऊन ठेवतो. तेथें किडा कोणी सोडावा आणि कोणी राखावा? त्यासाठीं त्याचा माथा उतरवून हाताच्या टप्प्यांत नवी फूट आणावी लागते. हें काम कुऱ्हाडीच्या जोरावर होत नाहीं. जड फांदीला आधीं खालच्या अंगानें खांच द्यावयाची, मग वरून घाव घालावयाचा. नाहींतर फांदी आपल्याच भारानें मोडते आणि जातां जातां बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते. घाव उतरता हवा, म्हणजे त्यावर पाणी सांचत नाहीं. फांदी जेथून निघते तेथल्या फुगीर वळ्याला धार लागतां कामा नये, आणि खुंटही लांब राहतां कामा नये. एकदां छाटलेल्या झाडाला मध्यें विसावा द्यावयाचा, तो वेगळाच.

तो वळा कां राखावा, याचें शास्त्रीय उत्तर बऱ्याच उशिरां मिळालें. अमेरिकेच्या वनखात्यांतील अॅलेक्स शायगो यांनीं हजारों खोडें उभीं चिरून पाहिलीं आणि १९७७ सालीं असें मांडलें, कीं झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. झाड कुजलेल्या भागाभोवतीं आंतून भिंती घालतें आणि पुढें वाढतें. फुगीर वळा कापला गेला, तर ही तटबंदीच ढांसळते. शहरांतून पावसाळ्यापूर्वीं रस्त्याकडेच्या झाडांचे हातपाय तोडण्याचा जो सोहळा दरसाल होतो, तो पाहतांना ही गोष्ट आम्हांस फार आठवते. तेथें कंत्राटदाराला फांदी पडण्याशीं मतलब. झाडाचें पुढें काय झालें हें पाहावयास तो परत येत नाहीं. ऐन छाटणाराला मात्र त्याच झाडावर पोट भरावयाचें असतें.

पाऊस लागला कीं अंडीं पानांच्या द्रोणांत घालून डहाळीला अडकवितात. अळी चार वेळां कात टाकते आणि महिना-दीड महिना अखंड खाते. एका झाडाचा पाला संपला, कीं अळ्यांसकट डहाळी अलगद कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवावी लागते. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत गलोल घेऊन राखण. पांखरांशिवाय मुंग्या आणि गांधीलमाशा आहेतच. जुन्या माणसांचा नेम असा, कीं राखणीच्या दिवसांत मांस-मत्स्य वर्ज्य. मासे धरणारानें मासा सोडावयाचा! मुकटा नेसणारापेक्षां तो पिकविणाराचें सोवळें अधिक कडक, असें म्हणणें भाग आहे.

एवढे लांब दिवस थट्टेवांचून जावे कसे? येथली बोली झाडीपट्टीची. तींत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि डोळ्याचा डोरा. खादाड अळीला ही मंडळी जावई म्हणतांना आम्हीं ऐकली. “हरू बोल गा, जावई जेवून रायला!” असें एकानें दटावलें, तर शेजारच्या झाडाखालून उत्तर येतें, “माह्या जावयानं तर ताटबी खाल्लं!” म्हणजे डहाळी उघडी पडली. शेंड्यावर रेंगाळलेल्या पोराला म्हातारा विचारतो, “काऊन गा, वरतंच घर बांधून रायला का?” पोरगा वरूनच म्हणतो, “नाई बाप्पा, खाली सावकार उभा हाये.” आणि त्याला चार रुपये उसने दिलेला म्हातारा सर्वांत मोठ्यानें हंसतो. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळ्या गांवोगांव रात्रभर नाटकें करूं लागतात. यंदा तिकिटाचे पैसे कोणाच्या कोषांतून निघणार, यावर तर भादव्यापासूनच पैजा लागतात.

थट्टेखालीं चिंता आहेच. अळ्यांत रोग शिरला किंवा पावसानें झोडपलें, तर सारें पीक पाहतां पाहतां हातचें जातें. शिवाय पुष्कळसे ऐन उभे आहेत ते सरकारी वनांत. ज्या झाडाला बापानें छाटून वळण लावलें, त्यावर मुलाचा लेखी हक्क कांहींच नाहीं, अशी स्थिति फार काळ होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवाचा वनावरील सामूहिक हक्क मान्य केला, आणि याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ सालीं तो मिळवून दाखविला. पण कागद हातीं आला तरी कोयता धरणारा हातही हवा. तेलंगणांत मिरची तोडावयास गेलें तर रोजचा रोख पैसा मिळतो. महिनाभर पांखरें हांकून कोष मिळतीलच अशी खात्री नाहीं. तरुण पोरानें कोणता रस्ता धरावा, हें त्याला घरबसल्या सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मुकट्याची किंमत ऐकून दुकानांत घासाघीस करणारांसही तो नसावा.

कोष तयार झाले कीं ते देठासकट उतरवितात. सुपारीसारखे कठीण असतात. विकावयाचे ते विकल्यावर बियाण्याचे निवडक कोष दोऱ्यांत ओंवून त्यांच्या माळा आढ्याला टांगतात, पोरांचा हात पोंचणार नाहीं अशा बेतानें. उन्हाळाभर त्या तशाच लोंबत असतात. पुढें जूनमध्यें हवेंत ओल आली, कीं एखाद्या रात्रीं त्यांतून तळहाताएवढे पतंग बाहेर पडूं लागतात, आणि तोंवर बाहेर छाटलेल्या ऐनाला नवी पालवी आलेली असते.