काकांची जुनी होडी आणि झिजलेले जस्त

मडके विकत घेताना आजी ते एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवून पाहते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खणखणीत आवाज आला, तर मडके नीट भाजलेले आणि अखंड आहे. बद्द वाजले, तर त्याला कोठे तरी तडा आहे. रंगाकडे किंवा नक्षीकडे आजी ढुंकूनही पाहत नाही. आज आपण अशीच एक जुनी वस्तू वाजवून घेणार आहोत. मात्र ती हातावर तोलता येण्याजोगी नाही. ती आहे सहा-सात मीटर लांबीची, इंजिनावर चालणारी होडी!

समजा, मालवणला राहणाऱ्या तुमच्या काकांनी पर्यटकांना समुद्रात फिरवून आणण्याचा धंदा सुरू करायचे ठरवले आहे. नवी होडी परवडत नाही, म्हणून ते फायबरची एक जुनी होडी पाहून आले. तिच्या मागच्या फळीला पेट्रोलवर चालणारे आऊटबोर्ड इंजिन टांगलेले आहे. काकांनी आजवर स्वतःची होडी कधी घेतलेली नाही. होडीला नुकताच निळा-पांढरा रंग दिलेला आहे आणि काका त्या रंगावर खूश आहेत. आता मालवणचा समुद्र कसा आहे, ते तुम्हाला ठाऊकच असेल. तेथे जागोजागी खडक आहेत. त्यांच्यामधून वाट काढताना इंजिन बंद पडले, तर साठवलेले पैसे तर जातीलच, शिवाय होडीत बसलेल्या आठ-दहा माणसांच्या जिवावर बेतेल. तेव्हा रविवारी काका होडी पाहायला निघाले, की तुम्हीही त्यांच्याबरोबर जा. जाताना एक जाडसर नाणे, एक विजेरी, थोडी चिंधी आणि एक स्वच्छ काचेची बाटली बरोबर घ्या.

होडी पाण्यात उभी असेल, तर तिच्यात कोणी चढण्यापूर्वी ती किती बुडाली आहे ते पाहा. होडीच्या अंगावर बहुधा एक रंगीत पट्टा असतो. रिकाम्या होडीचा पाण्याखालचा भाग कोठवर असावा, ते त्यावरून कळते. हा पट्टा जर पाण्याखाली गेलेला दिसला, तर आर्किमिडीजची आठवण करा. होडी पाण्याला छेदते तेथील तिचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर धरू. ती ३ सेंटिमीटर जास्त बुडाली असेल, तर तिने ०.२४ घनमीटर पाणी जास्त बाजूला सारले. समुद्राच्या १ घनमीटर पाण्याचे वस्तुमान साधारण १०२५ किलोग्रॅम असते. म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या या होडीत जवळजवळ २४६ किलोग्रॅमचे काही तरी लपून बसले आहे. चार न दिसणारे प्रवासीच म्हणा ना! हे प्रवासी म्हणजे बहुधा पाणी. होडी बुडू नये म्हणून तिच्या तळातील बंद पोकळ्यांत फेसासारखा हलका प्लॅस्टिकचा पदार्थ भरलेला असतो. वरच्या भेगांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले, की तो स्पंजासारखा भिजतो आणि मग सहजासहजी वाळत नाही.

आता होडी वाळूवर ओढायला सांगा. पावसाळ्यात होड्या झापांखाली शाकारून ठेवलेल्या असतात. तेव्हा पाहायला गेलात तर फारच उत्तम, कारण तळ आयताच उघडा सापडतो.

फायबर म्हणजे नुसते प्लॅस्टिक नव्हे. काचेच्या बारीक तंतूंच्या चटया एकीवर एक ठेवून त्यांत पॉलिएस्टरची राळ मुरवतात. राळ घट्ट झाली, की तंतू ताण सोसतात आणि राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. यातील थर एकमेकांपासून सुटले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. पण नाण्याने वीत-वीत अंतरावर ठोकत चला. घट्ट जागी आवाज टणक व आखूड येतो. सुटलेल्या जागी तो बद्द येतो, कारण मध्ये हवा किंवा पाणी शिरलेले असते. अशा जागा खडूने आखून घ्या. व्हिएन्नाचा डॉक्टर लिओपोल्ड आऊएनब्रुगर याने रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतील विकार ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळवाले होते, आणि दारूची पिंपे ठोकून ती कोठपर्यंत भरली आहेत हे ओळखताना त्याने लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. १७६१ हे साल ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

तळावर वाटाण्याएवढे किंवा त्याहून मोठे फोड दिसतात का, तेही पाहा. फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाण्याचे रेणू अगदी सावकाश आत जातात. आत राळेतून सुटलेले काही विद्राव्य पदार्थ असतात. त्यांचे द्रावण तयार झाले, की परासरणाने आणखी पाणी आत ओढले जाते, दाब वाढतो आणि पृष्ठभाग फुगतो. भिजवलेला मनुका फुगतो, तसाच हा प्रकार. फोडातील द्रव आम्लधर्मी असतो व त्याला शिरक्यासारखा वास येतो. मात्र तुम्ही तो फोडू नका. आतील दाबामुळे द्रवाची चिळकांडी डोळ्यांत उडू शकते. चार-दोन फोडांनी होडी बुडत नाही. सगळा तळच देवी आल्यासारखा दिसत असेल, तर मात्र काकांना बाजूला घेऊन सांगा.

मागची फळी अधिक महत्त्वाची. बाहेरून ती फायबरची असली, तरी तिच्या आत बहुधा प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार गेलेले असतात आणि त्या भोकांतून पाणी शिरले, की आतले लाकूड कुजते. इंजिन वर उचलून तिरपे करा आणि काकांना त्याच्या टोकावर जोर देऊन खालीवर हलवायला सांगा. इंजिन ही येथे एक लांब तरफच झाली. फळी जरा जरी वाकली किंवा बोल्टांजवळ पाणी पाझरले, तर ती गेली म्हणून समजा.

आता इंजिनाकडे वळू. किमतीचा मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. त्याचा पाण्यात बुडणारा पाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि पंख्याचा दांडा पोलादाचा असतो. त्या पायावर पंख्याच्या जवळ करड्या रंगाचा, ओबडधोबड, खड्डे पडलेला एक धातूचा तुकडा बसवलेला दिसेल. काका म्हणतील, "हा भाग बघ कसा सडलाय!" आणि येथेच सगळे पहिल्यांदा होडी घेणारे फसतात. अर्धा झिजलेला हा तुकडा फार चांगले लक्षण आहे.

कसे, ते समजण्यासाठी जरा मागे जाऊ. लाकडी जहाजांचा तळ पोखरणारा एक प्राणी समुद्रात असतो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. त्याला अडवण्यासाठी १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी तपासणी केली, तेव्हा पत्रा शाबूत होता, पण लोखंडी खिळे जागोजागी खाऊन गेले होते. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांभोवती तसाच अडकून राहिला होता! कागदामुळे लोखंड आणि तांबे यांचा स्पर्शच झाला नव्हता. याचा अर्थ त्या वेळी कोणालाच लागला नाही, कारण व्होल्टाने आपला विद्युत्-घट जगापुढे मांडला तो १८०० साली. दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले, की घट तयार झाला. त्यातला अधिक क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो.

हंफ्री डेव्ही याने हीच गोष्ट उलटी वापरली. १८२४ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे मांडले, की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले, तर ते तुकडे झिजतील आणि तांबे टिकेल. ‘समरंग’ या युद्धनौकेवर ते लावून पाहिले. गंमत म्हणजे ही नौका आपल्याकडची, कोचीनला बांधलेली. तांबे खरोखरच झिजेनासे झाले. पण थोड्याच काळात जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि कालवे यांची दाट पुटे चढू लागली व जहाजे मंदावली. तांबे अगदी हळूहळू विरघळते, आणि ते आयन या जीवांना विषारी असतात, म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता. डेव्हीने तांबे वाचवले आणि त्याचे विष बंद केले! आरमाराने ते तुकडे काढून टाकले. डेव्हीची कल्पना मात्र पक्की होती. आज काकांच्या इंजिनावर तीच बसलेली आहे.

तुमच्यातला एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की तक्त्यात तर ॲल्युमिनियमचे विभव −१.६६ व्होल्ट आणि जस्ताचे −०.७६ व्होल्ट आहे. मग ॲल्युमिनियम आधी विरघळायला हवे. प्रश्न रास्त आहे. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा असतो. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात ते तक्त्यात दिसते त्यापेक्षा पुष्कळच शांत वागते, आणि झिजण्याची पाळी जस्तावर येते.

तेव्हा तुकडा अर्धा झिजलेला असेल, तर तो काम करतो आहे आणि मालकही वेळेवर बदलतो, असे समजा. तुकडा संपूनच गेला असेल, तर त्याच्या मागचे ॲल्युमिनियम विजेरीच्या उजेडात नीट पाहा. तेथे पांढरी भुकटी आणि खळगे सापडतील. तुकडा कोरा करकरीत असेल, तर तो कालच बसवला आहे का, ते विचारा. त्याच्यावर होडीचाच निळा रंग फासलेला असेल, तर तो असून नसल्यासारखा, कारण रंगाखालच्या जस्तापर्यंत पाणीच पोचत नाही. आणि शेवाळ धरू नये म्हणून होडीच्या तळाला देतात तो तांबेयुक्त रंग कोणी या पायालाही दिला असेल, तर ‘अलार्म’ नौकेची चूक अडीचशे वर्षांनी पुन्हा झाली म्हणायची. यात खिळ्यांच्या जागी ॲल्युमिनियम आहे, इतकेच.

हे सगळे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. मिठाच्या पाण्याच्या तीन बशा घ्या. एकीत नुसता लोखंडी खिळा, दुसरीत तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला खिळा आणि तिसरीत जस्ताची पट्टी गुंडाळलेला खिळा ठेवा. खिळे आधी सँडपेपरने घासायला विसरू नका. तीन-चार दिवसांत दुसरा खिळा सर्वांत जास्त गंजलेला दिसेल. तिसरा जवळजवळ जसाच्या तसा राहील आणि त्याच्या जस्तावर पांढरट थर येईल.

आता बाटली काढा. इंजिनाच्या पायात दातेरी चाकांसाठी तेल भरलेले असते. होडी रात्रभर उभी असेल, तर पायाच्या तळाचा स्क्रू मालकाला किंचित सैल करायला सांगा आणि चमचाभर तेल बाटलीत धरा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर तेच आधी बाहेर येईल. तेल पारदर्शक असावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात मिसळून पायस झाले आहे आणि ते थेंब प्रकाश विखुरत आहेत. म्हणजेच दांड्याभोवतीचे रबरी सील फाटले असून चाकांना गंज चढू लागला आहे.

कागदपत्रे काका पाहतीलच. तुम्ही एवढेच करा, की कागदावरचा इंजिनाचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

शेवटी होडी पाण्यात लोटून चालवून पाहायची. पण सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावा. ते कोमट असेल, तर तुम्ही येण्यापूर्वीच कोणी तरी ते सुरू करून ठेवले होते. थंडीत अडून बसणारे इंजिन तापल्यावर गुणी बाळासारखे वागते! सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार उडू लागली पाहिजे. ती नसेल, तर समुद्राचे पाणी आत फिरत नाही. लगेच बंद करायला सांगा. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतील नळ्या धुतल्या नाहीत, तर मीठ साचून त्या बुजतात.

जीवरक्षक जाकिटे घालून अर्धा तास समुद्रात फिरून या. एखादा जाणता मेस्त्री बरोबर असेल, तर सोन्याहून पिवळे. परत आल्यावर होडीच्या तळाशी पाणी साचले आहे का, ते पाहा आणि पायाच्या स्क्रूमधून पुन्हा चार थेंब तेल घ्या, कारण ढवळल्यावरच लपलेले पाणी उघड होते. सकाळचे थेंब आणि आताचे थेंब शेजारी शेजारी उन्हात धरा. दोन्ही सारखेच स्वच्छ दिसले, तर काकांनी भावाची बोलणी सुरू करायला हरकत नाही.