सुरमेदानीतले शिसे

घरात बाळ जन्मले की छठीला किंवा चाळिसाव्या दिवशी दादी सुरमेदानी काढते. डोळे मोठे होतील, पोराला कुणाची नजर लागणार नाही, अशी तिची माया असते. मायेबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो त्या काळ्या भुकटीचा.

सुरमा म्हणजे अँटिमनीचे खनिज, असे आपण मानतो. पण निरनिराळ्या देशांत बाजारातल्या सुरम्याची तपासणी झाली, तेव्हा अनेक नमुन्यांत मुख्य घटक निघाला गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड. दोन्ही काळे, दोन्ही चमकदार. नुसते पाहून फरक कळत नाही.

शिवाय डोळ्यातला सुरमा डोळ्यातच राहत नाही. अश्रूंबरोबर तो नाकातून घशात उतरतो. बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांचे शरीर साधारण दहावा भाग शोषते, लहान मुलांचे मात्र जवळजवळ निम्मा.

पेशीच्या दारावरची फसवणूक

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे अतिशय पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. धातूचे आयन या तेलकट भिंतीतून सहज आत जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांचे दरवाजे असतात, कॅल्शियमचा वेगळा, लोहाचा वेगळा. शिशाच्या आयनावर कॅल्शियमसारखाच दुहेरी धन प्रभार असतो. त्यामुळे दरवाजा त्याला कॅल्शियम समजून आत घेतो. आतड्यात लोहाच्या दारातूनही ते शिरते.

रक्तातले बहुतेक सगळे शिसे तांबड्या पेशींत साठते. तिथे पटलावरचा, सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंप मंदावतो. पटलातल्या स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होते, पटल कमजोर होते आणि पेशी लवकर फुटतात. हिमोग्लोबिन बनवण्याचे कामही अडते. मेंदूत तर चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. तिथे शिसे घुसले की निरोप बिघडतात. शिकणे, लक्ष देणे, लक्षात ठेवणे यांवर परिणाम होतो.

पाऱ्याचा डाव निराळा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला. 1956 मध्ये तो आजार उघडकीस आला. मिथाइल पारा एका अमिनो आम्लाला चिकटतो आणि पोषक द्रव्याच्या वेषात मेंदूत आणि गर्भात शिरतो. त्यामुळे वरवर ठीक दिसणाऱ्या आयांच्या पोटीही बाधित मुले जन्मली.

घरात काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. मेंदूचे झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. वर्गात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिसेच असते असे नाही, पण त्याला 'ढ' म्हणण्याआधी हेही कारण आठवावे.

बाळाच्या डोळ्यात सुरमा घालू नये. अम्मीनेही गरोदरपणात तो टाळावा, कारण शिसे वार ओलांडून गर्भात जाते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. घरात कुणी बॅटरी दुरुस्तीचे किंवा रंगाचे काम करत असेल, तर कामाचे कपडे बदलून, हातपाय धुऊनच मुलाला उचलून घ्यावे. फार भडक पिवळ्या हळदीपासून सावध राहावे. रंगासाठी तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे आढळले आहे.

लोह आणि कॅल्शियम कमी असले की शरीर शिसे जास्त शोषते. म्हणून मुलांच्या जेवणात पालेभाज्या, डाळी, खजूर, अंडी, दूध, नाचणी असू द्यावी. पोट रिकामे ठेवू नये. शंका आली तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करावी. औषधही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे.

आणि दादीला समजवायचे ते अदबीने. तिला नातवाचे डोळे तेजस्वी हवे आहेत. ते सुरम्याविनाही तेजस्वीच राहतील, एवढे तिला पटले की सुरमेदानी आपोआप कपाटात जाईल.